आडनाव नको, गाव सांगा

ऑकलंडच्या पश्चिमेला, हेंडरसनच्या बाजूला गेलं की पाट्यांवरच्या आडनावांचा नूर पालटतो. बाबिच, सेलाक, नोबिलो, फिस्टोनिच. न्यूझीलंडच्या वाईनच्या दुनियेत ही नावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. या मंडळींना इथे ‘डॅली’ म्हणतात, म्हणजे डाल्मेशियातले. डाल्मेशिया ही एड्रियाटिक समुद्राकाठची चिंचोळी पट्टी, आज क्रोएशियात मोडणारी. यातल्या बऱ्याच जणांचे आजे-पणजे इथे आले ते द्राक्षं लावायला नव्हे, तर चिखलात गाडलेला कौरी झाडांचा डिंक उकरायला. माझी सून याच गोतावळ्यातली. आणि मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेली, उभा जन्म फेरफार आणि मोडी दफ्तरं वाचण्यात घालवलेली बाई. तिने घराण्याचे कागद शोधायला घेतले तेव्हा मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच नाक खुपसलं.

मुळांची ओढ वगैरे खरं असेलही, पण सुरुवात पासपोर्टवरून झाली. १ जानेवारी २०२० पासून क्रोएशियाने नागरिकत्वाचा कायदा सैल केला. आता देश सोडून गेलेल्या माणसाचा सरळ रेषेतला वंशज कितव्याही पिढीतला असला तरी चालतो आणि त्याला भाषेची परीक्षाही द्यावी लागत नाही. अट एवढीच, की पूर्वज ८ ऑक्टोबर १९९१ च्या, म्हणजे क्रोएशियाने युगोस्लाव्हियाशी नातं तोडलं त्या दिवसाच्या, आधी तिथून निघालेला असावा आणि तो आपलाच पूर्वज असल्याचं कागदाने सिद्ध व्हावं. ‘एवढीच’ हा शब्द कचेरीच्या टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्यांचा. पलीकडे उभं राहिल्यावर तो फार लांबतो.

शोधायला बसलेला प्रत्येक जण आधी आडनाव टाइप करतो. सुनेनेही केलं. हजारो माणसं समोर आली, चिलीतली, पिट्सबर्गमधली, झाग्रेबमधली, आणि त्यातलं एकही आपलं आहे की नाही ते सांगता येईना. आपल्याकडे ‘कर’ लावलेल्या आडनावात निदान गाव बसलेलं असतं. त्यांच्या ‘इच’मध्ये बाप किंवा आजा बसलेला असतो, आणि तोही बहुतेक वेळा कुठल्याही गावात सापडेल असा. कोवाच म्हणजे लोहार, कोवाचेविच म्हणजे लोहाराच्या घरचा. गावोगाव लोहार होते, म्हणून गावोगाव कोवाचेविच आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी काही नातं असेलच असं नाही. सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव होर्वात. त्याचा अर्थ चक्क ‘क्रोएट’. क्रोएशियात राहून आडनाव क्रोएट! हे नाव माणूस आपल्या मुलखात राहून पडत नाही. तो हंगेरीच्या राज्यात दुसरीकडे गेला, किंवा दुसरीकडून हलून आला, की तिथले लोक त्याला तसं म्हणू लागतात. तसाच नोवाक, म्हणजे नवा आलेला. ही दोन्ही नावं माणसाला शेजाऱ्यांनी चिकटवलेली आहेत.

बाबिच हे नाव ‘बाबा’वरून आलं आणि तिकडे बाबा म्हणजे आजी. आमच्या घरी सुनेची आजी येते तेव्हा सून ‘बाबा’ अशी हाक मारते आणि माझे यजमान वर्तमानपत्रातून मान वर काढतात. आजोबांना ते ‘दिदा’ म्हणतात. हे ऐकून माझी बहीण फोनवर म्हणाली, तुझं घर आता पार उलटंपालटं झालं.

पण अर्थ लावत बसून पूर्वज सापडत नाही. शिवाय आडनाव लिहायचं कसं, याचाही मेळ नव्हता. आज दिसतात ती डोक्यावर चिन्हं असलेली अक्षरं ल्युदेवित गाय या माणसाने १८३० साली मांडलेल्या लेखनपद्धतीतून पुढे रूढ झाली. त्याआधी उत्तरेत हंगेरियन वळणाने लिहीत आणि किनाऱ्यावर इटालियन वळणाने. डाल्मेशियात तर चर्चच्या आणि सरकारी कागदांची भाषाच लॅटिन किंवा इटालियन होती. त्यामुळे घरात ज्याला इवान म्हणत तो बाप्तिस्म्याच्या वहीत जोआन्नेस किंवा जोव्हान्नी, ऑस्ट्रियाच्या लष्करात (डाल्मेशिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या राज्यात होता) योहान, आणि इथे न्यूझीलंडमध्ये कबरीवर जॉन. माणूस एकच. न्यूयॉर्क बंदरात जिथे येणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी होई त्या एलिस आयलंडवर कारकुनांनी नावं बदलली, अशी कथा अमेरिकेत गेलेल्यांच्या घरोघरी सांगतात. पण प्रवाशांच्या याद्या जहाज सुटायच्या बंदरावर तयार होत, पलीकडचे कारकून त्या फक्त तपासून घेत. नावं बदलली ती पुढे, पगाराच्या रजिस्टरवर, मुलांच्या शाळेत, आणि बऱ्याचदा ज्याचं त्यानेच.

या बदलांचा एक मासला मला फार आवडतो. डाल्मेशियातल्या ह्वार बेटावर १८५८ साली जन्मलेला इवान वुचेतिच अर्जेंटिनात जाऊन हुआन वुसेतिच झाला आणि ला प्लाता शहराच्या पोलीस खात्यात नोकरीला लागला. १८९२ साली नेकोचेआ गावी दोन मुलांचा खून झाला. दारावर उमटलेल्या रक्ताळलेल्या बोटाच्या ठशावरून त्यांच्या आईनेच ते केल्याचं उघड झालं, आणि तो ठसा ओळखला गेला तो वुचेतिचने बसवलेल्या पद्धतीमुळे. ठशावरून गुन्हेगार पकडल्याची जगातली ही पहिल्या प्रकरणांपैकी एक मानली जाते. स्वतःचं नाव समुद्र ओलांडताना बदललेल्या माणसाने, ओळख पटवायला नावावर विसंबू नका, बोटं बघा, असं सगळ्या जगाला सांगावं हे मला अगदी पटतं.

तिकडे इस्त्रियात, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या वायव्य टोकाला, तर सरकारनेच नावं बदलली. पहिल्या महायुद्धानंतर तो भाग इटलीकडे गेला आणि १९२७ पासून फॅसिस्ट राजवटीने स्लाव्ह आडनावांचं इटालियन करण्याचा हुकूम तिथे लागू केला. शेवटचा ‘इच’ छाटायचा, नाहीतर सरळ भाषांतर करायचं. वोदोपिवेत्स म्हणजे पाणी पिणारा, त्याचा बेव्हिलाक्वा झाला. त्या भागातल्या कुणाचा शोध घ्यायचा तर आजोबांचं आडनाव आणि नातवाचं आडनाव जुळलं नाही म्हणून थांबता येत नाही.

सुनेच्या घराण्याचा मागमूस मात्र किनाऱ्याकडे जात होता, कारण न्यूझीलंडला आलेले बहुतेक डॅली मकार्स्काच्या आसपासचे, व्हर्गोरात्सच्या बाजूचे आणि कोर्चुला बेटावरचे. तिथून लोक का निघाले, हे समजून घेतल्याशिवाय कुठल्या वर्षांच्या वह्या बघायच्या ते ठरवता येत नाही. फ्रान्सच्या मळ्यांना फिलोक्सेरा किडीने खाल्लं तेव्हा डाल्मेशियाच्या वाईनला सोन्याचे दिवस आले. डोंगरउतारावरचा दगड न् दगड वेचून लोकांनी वेली लावल्या. मग ऑस्ट्रिया-हंगेरीने इटलीशी करार केला आणि १८९२ पासून स्वस्त इटालियन वाईन आत येऊ लागली. पाठोपाठ कीड डाल्मेशियातही पोचली. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या गलबतांचा धंदा आधीच बसवला होता. घरात तरणी पोरं, शेत तुकड्यातुकड्यांचं, आणि वर ऑस्ट्रियाच्या फौजेत तीन वर्षांची सक्ती. ब्राच बेटावरची माणसं चिलीला गेली. चिलीचे राष्ट्राध्यक्ष झालेले गाब्रिएल बोरिक यांचे पूर्वज उग्ल्यान बेटावरून निघून पार दक्षिण टोकाच्या पुंता आरेनासला पोचले होते. मकार्स्काकडची पोरं न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला डिंक उकरायला आली.

कौरी डिंक व्हार्निशसाठी जाई. लांब सळई चिखलात खुपसत जायचं, टणक लागलं की फावडं. काम एकट्याचं, रांगड्या कष्टाचं, पण डॅली टोळी करून ओळीने जमीन खणत आणि मिळकत वाटून घेत. त्यामुळे इंग्रज खणणाऱ्यांची पोटदुखी सुरू झाली. १८९८ साली कायदा करून डिंकाच्या राखीव जमिनी ब्रिटिश प्रजाजनांपुरत्या ठेवल्या गेल्या. सुनेच्या कामी आला तो हाच अन्याय. नागरिक झालात तर खणायला मिळेल म्हटल्यावर अनेकांनी अर्ज केले, आणि अर्जात जन्मगाव लिहावं लागे. पुढे १९१४ ला युद्ध लागलं. ऑस्ट्रियाच्या सम्राटाचे कागदोपत्री प्रजाजन म्हणून हे लोक शत्रू ठरले. १९१७ साली सगळ्या परदेशी लोकांना नावनोंदणी करायला लावली. ज्या ऑस्ट्रियाच्या फौजेतून पळून आलो तिच्याच नावाने इथे शत्रू ठरलो, हे डॅली घरांमधून अजूनही चवीने आणि थोड्या रागाने सांगितलं जातं.

सुनेच्या पणजोबांनी नागरिकत्व घेतलं ते युद्ध संपल्यावर. सरकारी दफ्तरातून त्या अर्जाची प्रत मिळाली. नाव इंग्रजी वळणाचं, बापाचं नाव मॅथ्यू, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात आधी ऑस्ट्रियन, ते खोडून वर युगोस्लाव्ह. क्रोएशिया हा शब्द कागदावर कुठेच नव्हता. पण खाली जन्मस्थानाच्या रकान्यात, ऐकून लिहिल्यासारखं चुकतमाकत, एका खेड्याचं नाव होतं. त्या दिवसापासून शोध खरा सुरू झाला.

गाव हाती आल्यावर कामाची जात बदलते. क्रोएशियातल्या आडनावांचा एक कोश १९७६ साली छापला गेला, १९४८ च्या जनगणनेवरून केलेला, कुठलं आडनाव कुठल्या गावात होतं ते सांगणारा. त्यात हे आडनाव त्या खेड्याच्या नावापुढे आहे की नाही एवढंच पाहायचं. होतं. मग वह्या. ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक पाद्रीला बाप्तिस्मे आणि विवाह नोंदवायला लावलं, १६१४ पासून मृत्यूही आले. क्रोएशियात त्याच्याही आधीची वही आहे, इस्त्रियातल्या उमागची, १४८३ पासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हियाच्या सरकारने या वह्या चर्चकडून काढून घेतल्या. आता जुन्या पुराभिलेखागारांत आहेत, अलीकडच्या नोंदणी कचेऱ्यांत. मॉर्मन पंथाच्या लोकांनी त्यातल्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं घेऊन इंटरनेटवर ठेवली आहेत, कारण पूर्वजांची नावं शोधणं त्यांच्या धर्माचाच भाग आहे. त्यांचं पुण्य आमच्या कामी आलं.

मकार्स्काचा किनारा सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तुर्कांच्या ताब्यात होता, म्हणून तिथल्या वह्या फार मागे जात नाहीत. आणि मागच्या ज्या आहेत त्यातल्या काही बोसांचित्सा या सिरिलिक, म्हणजे रशियन अक्षरांच्या वळणाच्या लिपीत आहेत. ही लिपी वाचणारे तिथेही आता मोजकेच. मी ते पान मोठं करून खूप वेळ बघत बसले. अक्षर कळत नव्हतं, पण नोंद कुठे सुरू होते, तारीख कुठे असणार, लिहिणारा कुठे कंटाळलाय, हे सगळं कळत होतं.

आम्हाला हवं होतं ते एकोणिसाव्या शतकातलं पान मात्र इटालियनमध्ये होतं, छापील रकान्यांचं. डावीकडे घरनंबर, मग दिवस, बाळाचं नाव, औरस की अनौरस, आईबाप, बाप्तिस्म्याचे मानलेले आईबाप, शेवटी सुईणीचं नाव. शाईचा रंग तपकिरी झालेला, पाद्रीचं अक्षर बारीक आणि उजवीकडे कललेलं, वर्षाच्या शेवटी शेवटी घाईचं. एका पानावर अंतोनियो नावाची दोन बाळं निघाली. आडनाव एक, बापाचं नाव दोघांच्याही मात्तेओ, जन्म काही महिन्यांच्या अंतराने. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत असल्यामुळे चुलत घरांत त्याच त्याच नावांचा फेरा फिरत राहतो. न्यूझीलंडच्या अर्जात आजोबांचं नाव नव्हतं.

नोंद नीट वाचली तेव्हा फरक दिसला. एकाचा बाप ‘मात्तेओ दि जोर्जो’, दुसऱ्याचा ‘मात्तेओ फु जोव्हान्नी’. ‘दि’ म्हणजे अमक्याचा, आणि तो अमका हयात आहे. ‘फु’ म्हणजे कै. अमक्याचा. दोन अक्षरांत पाद्रीने म्हातारा गेलेला आहे हे सांगून टाकलंय, आणि मृत्यूच्या वहीत किती मागे जायचं तेही. क्रोएशियन कागदांत याच जागी ‘पोक.’ असतं. फेरफारात मयत-वारस पाहण्यात माझी हयात गेली, पण इतका आटोपशीर शेरा मी पाहिला नव्हता.

यातला आपला अंतोनियो कुठला? याचं उत्तर वहीत नव्हतं, हेंडरसनमध्ये होतं. निम्मं गाव एकाच आडनावाचं असलं की आडनावाचा उपयोग संपतो, म्हणून डाल्मेशियात प्रत्येक घराला आणखी एक टोपणनाव असतं. गावात माणूस त्यानेच ओळखला जातो. पाद्री ते आडनावापुढे ‘देत्तो’, म्हणजे ‘ऊर्फ’, असं लिहून नोंदवत. काही जण परदेशी गेल्यावर हे टोपणनावच आडनाव म्हणून लावू लागले, आणि त्यांचे नातू आता चुकीच्या नावाने वह्या धुंडाळतात. सुनेच्या आजीला विचारलं, तर म्हातारी आधी काही बोलेना. मग म्हणाली, माझे सासरे कुणी एका विशिष्ट शब्दाने हाक मारली की चिडायचे, शिवी असावी ती. शब्द तिला आठवत होता. तो ‘फु जोव्हान्नी’वाल्या नोंदीत, ‘देत्तो’च्या पुढे, जसाच्या तसा होता. घराचं नाव आणि गावाचं नाव ही इथे खरी ओळख आहे, आडनाव हे सरकारासाठी आणि परदेशासाठी. हे मी सुनेला तेव्हापासून इतक्यांदा ऐकवलंय की ती आता ‘हो आई’ म्हणून पुढे सरकते.

‘स्तान्ये दुशा’ नावाची आणखी एक वही असते, शब्दशः ‘आत्म्यांची स्थिती’. घरागणिक एकेक पान, त्यावर म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळे, कोण कधी जन्मला, कुणाचं लग्न झालं, कोण गेला. परदेशी गेलेल्यांपुढे कधी कधी ‘अमेरिका’ एवढाच शेरा सापडतो, मग माणूस खरं तर कुठे का गेलेला असेना. ही वही अजून बऱ्याच ठिकाणी चर्चच्या कपाटात आहे, म्हणजे पाद्रीबाबांची मर्जी सांभाळणं आलं.

या लोकांचं समुद्रावरून पांगणं तसं फार जुनं. दुब्रोव्हनिकचे व्यापारी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या मागोमाग गोव्यातही आले होते. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझचं चर्च आहे. हा संत दुब्रोव्हनिकचा ग्रामदेव म्हणावा असा, तिथे त्याला स्वेती व्लाहो म्हणतात. हे चर्च त्या व्यापाऱ्यांच्या वस्तीतून उभं राहिलं असं मानलं जातं. त्यांची आडनावं त्या गावात कुणी लावत नाही. संताचं नाव मात्र गावाने ठेवलंय.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त नवल वाटलं ते बायकांच्या नोंदींचं. लग्नाच्या वहीत नवरीचं माहेरचं आडनाव, तिचा बाप, पुष्कळदा आईसुद्धा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईच्या नावापुढे ‘नाता’, म्हणजे जन्माने अमक्यांची. आमच्या खात्यात वारसनोंदीला जोडून येणाऱ्या वंशावळी मी ढिगाने तपासल्या. त्यात जुन्या पिढ्यांत वरपासून खालपर्यंत पुरुषच, बायको आली तर नुसती ‘पत्नी’ किंवा तीही नाही. माझ्या पणजीचं माहेर कुठलं हे आज कुणी सांगू शकणार नाही. सुनेच्या खापरपणजीच्या बापाचं घरनंबरासकट नाव मला पाठ झालंय. पाद्री काही बायकांचे कैवारी नव्हते. जवळच्या नात्यात लग्न लागू नये म्हणून त्यांना दोन्हीकडची रक्तं मोजावी लागत. कारण काहीही असो, बाई कागदावर राहिली.

पासपोर्टसाठी पुरुषाची एक रेघ पुरली. कागद जोडून अर्ज गेलाय. जन्मसालात दोन वर्षांचा फरक निघतोय, त्याचं प्रतिज्ञापत्र लावलंय, आता काय म्हणतात ते बघायचं. दरम्यान मी पणजीच्या मागे लागलेय. ती बिओकोवो डोंगराच्या पलीकडच्या अंगाची, आतल्या कोरड्या मुलखातली. पणजोबांनी डिंकाचे पैसे साठवून तिला बोलावून घेतलं. ती या नवऱ्याला आधी ओळखत होती की नुसत्या फोटोवर आली, यावर सुनेच्या घरात दोन तट आहेत. तिच्या गावची वही इंटरनेटवर नाही, स्प्लिटच्या पुराभिलेखागाराला पत्र घालावं लागेल. सून क्रोएशियन शिकतेय, मसुदा ती करतेय. विभक्ती सात आहेत म्हणून कुरकुरत होती. मी म्हटलं, सात काहीच नाहीत, आम्ही आठ पाठ केल्या, लिही.